गाईड मागे फिरा म्हणाला की फिरायचं

सकाळपासून डोकं तापलंय. आपल्याच जळगावकडच्या एका ग्रुपचा रील फिरतोय. सगळे बर्फात उभे, पायात साधे कॅनव्हासचे बूट, आणि एक विशीतला पहाडी पोरगा हात जोडून "आगे मत जाओ" म्हणतोय, तर हे त्याची नक्कल करून हसताहेत. खाली कमेंटा काय, तर घाबरट गाईड, पैसे परत घ्या. कमेंट करणाऱ्यांत माझ्या ओळखीचे लोक आहेत म्हणून जास्त लागलं.

आम्ही आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर उत्तराखंडातल्या चोपत्याला गेलो होतो. भुसावळला पारा 44 च्या पुढे, आणि तिकडे चंद्रशिला शिखराच्या वाटेवर मे महिन्यातही बर्फ पडून. तुंगनाथपर्यंत दगडी फरसबंद वाट आहे, पंचकेदार म्हणजे शंकराच्या पाच मंदिरांतलं सगळ्यात उंच मंदिर असून घोड्यावरनंही जाता येतं, त्यामुळे माणसाला वाटतं तिथून वर शिखरापर्यंतही असंच असेल. नसतं. वर सावलीच्या उतारावर बर्फ राहतो आणि पायवाट त्याच्याखाली जाते.

आमचा गाईड पुढे चालायचा, आधी काठी खुपसून बघायचा, मग बुटाचं टोक ठोकून पायरी करायचा, तिच्यावर स्वतः उभा राहायचा आणि मग आम्हाला बोलवायचा. एका मोठ्या दगडाच्या कडेला काठी खुपसली तर ती पार मुठीपर्यंत आत गेली. तो थांबला. घड्याळ बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, बस, यहीं से वापस.

शिखर समोर दिसत होतं हो! आमच्यातले एक काका चिडले, "अरे काही व्हत नही भो, चाल." तो पोरगा चिडला नाही, शांतपणे सांगत राहिला की रात्री गोठून बर्फ कडक होतो, पहाटे त्याच्यावर चालता येतं, पण ऊन चढलं की भुसभुशीत होतो, आणि दगड तापतो म्हणून त्याच्या कडेचा बर्फ आतून पोकळ होत जातो, वरून काहीच कळत नाही. पाय मांडीपर्यंत गेला आणि घोटा मोडला तर तिथून माणूस पाठीवरच उतरवावा लागतो. कोणाच्या पाठीवर? त्याच्याच ना.

आपण खान्देशी माणसं उन्हाला किती मानतो! वैशाखात दुपारी बाराला कोणी शेतात निघालं तर म्हातारी माणसं दारातच अडवतात, डोक्याला रुमाल बांध, खिशात कांदा ठेव. बाहेरगावच्या पाहुण्याने ते हसण्यावारी नेलं तर आपल्याला चालेल का? मग त्या पोराचा जन्म ज्या बर्फात गेला त्याच्याबद्दल त्याला अक्कल शिकवणारे आपण कोण?

हो, काही गाईड कामचुकार असतात, लवकर सुटायला मिळावं म्हणून फिरवतात, ऐकलंय मी. असतील. पण म्हणून मांडीभर बर्फात त्याच्याशी हुज्जत घालायची नसते, खाली आल्यावर बोला काय बोलायचं ते.

उतरताना काकांचे गुडघे भरून आले, तर याच पोराने त्यांची सॅक स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि बर्फ संपेपर्यंत त्यांचा हात धरून आणलं. ज्यांनी त्याला बडबड केली होती त्यांचा. काका खाली येऊन चहा पिताना त्याला "बेटा" म्हणाले, ते ऐकून मला रडूच आलं. आत्ता लिहितानाही राग थोडा उतरलाय बघा.

तर या सुट्टीत जे निघालेत त्यांनी गमबूट आणि बुटाला लावायचे स्पाइक्स तिथेच भाड्याने घ्या, काळा चष्मा न्या, बर्फावरच्या उन्हाने डोळे सुजतात. अंधारातच निघा. आणि गाईडने अर्ध्यातून फिरवलं तरी ठरलेले पैसे पूर्ण द्यायचे, घासाघीस करायची नाही. आमच्या ग्रुपमध्ये काकांनीच सगळ्यांकडून गोळा करून वरती जास्तीचे दिले.