कपडे नकोत, माती हवी
सीना नदीकाठच्या पूरग्रस्तांपर्यंत पोचलेल्या धान्याच्या किटबद्दल एका लेखात वाचलं, बरं वाटलं. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर मी धाराशिव जिल्ह्यात परंड्याकडं मामाच्या गावी गेलो होतो. सोयाबीन तर गेलंच, पण वावरातली काळी माती खरडून खाली मुरूम उघडा पडलेला. विहीर गाळानं काठोकाठ. मामी गोठ्यातली रिकामी दावी धुऊन वाळत घालत होती, तिच्याकडं बघवत नव्हतं. माती वाहून गेल्यावर नुसत्या पंचनाम्यानं काय होतंय? शेजारच्या गावातली पोरं वर्गणीच्या डिझेलवर ट्रॅक्टर घेऊन आली आणि चार दिवस तळ्यातला गाळ वावरात ओढत राहिली. देवासारखी आली! मदत पाठवणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, जुने कपडे पुरे झाले. कडबा, ज्वारी-हरभऱ्याचं बियाणं आणि डिझेल द्या.