मार्टिनच्या हातात झाडूच का?

आमचा कट्टा म्हणजे सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका सलूनच्या पायऱ्या. परवाचा वाद पेटला तो सलूनवाल्यानं आरशाशेजारी लावलेल्या नव्या चित्रावरून. वर सेना महाराजांची जुनी तसबीर, खाली हा नवा पाहुणा: काळा माणूस, पांढरा झगा, त्यावर काळा अंगरखा, हातात झाडू, आणि पायाशी कुत्रा, मांजर, उंदीर एकाच ताटलीत तोंड घालून बसलेले. चित्र आणून दिलं आमच्या रेल्वेवाल्यानं. तो कॅथलिक. मार्टिन दी पोरेस हा त्यांच्याकडे न्हाव्यांचा संत.

“न्हाव्यांचा संत, मग वस्तरा कुठाय बे? झाडू कशाला दिलाय?” टॉवेलवाला म्हणाला. त्याचे चार यंत्रमाग आहेत, म्हणून तो टॉवेलवाला.

रेल्वेवाल्यानं मग सगळी कथा लावली. 1579 साली पेरू देशात लिमा शहरात जन्म. बाप स्पॅनिश उमराव, आई गुलामीतून सुटलेली काळी बाई. बापानं आधी नाव लावायलाच नकार दिला. बाराव्या वर्षी पोरगा न्हाव्याच्या हाताखाली लागला. त्या काळचा न्हावी म्हणजे नुसती हजामत नव्हे. जखमा बांधणं, रक्त काढणं, औषधं देणं, सगळं तोच करायचा.

“आमच्या आज्यानंबी गळवं कापली, दात उपटले,” सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावर फेस लावता लावता बोलला. एवढ्यावरच मार्टिन त्याचा झाला.

पुढे पंधराव्या वर्षी तो डॉमिनिकन या कॅथलिक पंथाच्या मठात गेला. पण काळ्या किंवा तिथल्या मूळ रहिवाशांच्या रक्ताच्या माणसाला पूर्ण व्रतस्थ व्हायला मनाई. म्हणून नोकरासारखा राहिला, झाडलोट केली. व्रत घ्यायला मिळालं 1603 साली. मठाचा दवाखाना त्यानंच सांभाळला, अनाथ मुलांसाठी घर उभं केलं. 1639 मध्ये गेला आणि चर्चनं संत म्हणून जाहीर केलं 1962 मध्ये.

“323 वर्षं! सरकारी फाइलबी यापेक्षा लवकर हलते,” सिनू म्हणाला. सिनू पूर्व भागातला, आईनं जन्मभर विड्या वळल्या. तिथून त्याचा सूर बदलला. “मला सांग, वैद्यकी शिकलेला माणूस. शेकडो आजाऱ्यांची सेवा केली. मग चित्रात औषधाची बाटली का नाही? कारण झाडू हातात असला की बघणाऱ्याला बरं वाटतं. काळा माणूस, खाली मान, झाडतोय. वा, काय पवित्र!”

“तसं नाही बे. त्याला स्वतःला झाडूची लाज नव्हती, म्हणून झाडू,” रेल्वेवाला म्हणाला.

इथं मास्तरांनी चोखोबांना आणलं. आणणारच, मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात. देवळाबाहेर उभं राहून भक्ती केली आणि गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून मेले. परंपरा सांगते, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या. समाधी कुठं, तर महाद्वाराशी. “मेल्यावरसुद्धा पायरीच्या वर जाऊ दिलं नाही. आणि आपण म्हणतो, काम हीच पूजा. ज्याला पूजेला आत घेत नाहीत त्याला हे सांगणं सोपं असतं,” मास्तर म्हणाले.

अण्णा आतापर्यंत गप्प होता. लिंगायत घरातला, सिद्धेश्वरच्या यात्रेत नंदीध्वज उचलणारा. तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही बाहेरून बघायलाय. बसवण्णांनी कामालाच पूजा मानलं, त्याला कायक म्हणतात. पण कायक म्हणजे गपगुमान राबणं नव्हे. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचायचा. एक दिवस जास्त घेऊन आला, तर बायको लक्कम्मा म्हणाली, एवढी हाव कशाला, परत टाकून या. नवऱ्याला बोलली बघा ती! कामानं तिला तेवढी ताकद दिली.”

मला हा मुद्दा पटला, पण अर्धाच. लक्कम्माचा निर्णय लक्कम्माचा होता. पुरेसं किती ते तिनं ठरवलं. विडीच्या कारखान्यात हजारामागे किती द्यायचं ते वळणारी बाई ठरवत नाही, आणि खराब म्हणून किती विड्या बाजूला काढायच्या तेही ती ठरवत नाही. कुंभारीला विडी कामगार बायकांची 10,000 घरं झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. ती मोर्चे काढून, वर्षानुवर्षं भांडून मिळाली. तुमचं काम पवित्र आहे असं कुणी म्हणालं म्हणून नाही.

रेल्वेवाला मात्र हटला नाही. त्यानं जी गोष्ट सांगितली तिनं मार्टिनची खाली मान माझ्यापुरती तरी वर झाली. साथीच्या दिवसांत वरिष्ठांनी बजावलं होतं, बाहेरचे रुग्ण आत आणायचे नाहीत. मार्टिननं रस्त्यावर जखमी पडलेला एक गरीब माणूस उचलून थेट आपल्या खोलीत आणला. जाब विचारल्यावर म्हणाला, माफ करा, दयेपेक्षा आज्ञापालन मोठं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

“आता हे जमलं बे!” सिनू उठूनच बसला. “हे चित्र काढा ना!”

“पण मठावर कर्ज झालं तेव्हा हाच म्हणाला होता, मला विका आणि फेडा,” रेल्वेवाल्यानं प्रामाणिकपणे तेही सांगून टाकलं.

यावर जे पेटलं ते चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत विझलं नाही. सिनूच्या मते ही लाचारी: माणसाला माल समजणाऱ्यांची भाषा तोच बोलायला लागला. अण्णा म्हणाला, हा समर्पणाचा कळस. टॉवेलवाल्याला तो हिशेब वाटला, कारण त्याला सगळंच हिशेब वाटतं. मला वाटलं, वरिष्ठांच्या तोंडावर मारलेली ती चपराक असेल. तुम्ही मला व्रतापासून दूर ठेवलंत ते माझ्या रक्तामुळे. मग त्या रक्ताची बाजारात किंमत येते, ती तरी घ्या. रेल्वेवाला म्हणाला, तू फार शहाणपणा करायलास, तो माणूस मनापासून बोलला होता.

सलूनवाल्यानं गिऱ्हाइकाचा टॉवेल झटकला. “ते राहू दे. वस्तरा हातात असलेला फोटो मिळतो का ते बघ, नाहीतर मी पेन्टरकडनं काढून घेतो,” तो रेल्वेवाल्याला म्हणाला. “झाडू राहू दे खाली, बाजूला. सकाळी तो मलाच मारावा लागतो.”