"आमी लॅपटॉप घेवचो खंय?" : वेंगुर्ल्याच्या काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. त्यातलं एक वाक्य मनाला लागलं आणि ते खरंही होतं, म्हणून उत्तर लिहायला दोन दिवस घेतले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी लिहिलं होतं की स्वस्तातला लॅपटॉप ऑनलाइन घेऊच नका. त्यावर काका म्हणतात, मी दुकानदारांची बाजू घेते आणि गरिबाला घाबरवते. त्यांनी मुलीसाठी १८,९९० रुपयांना ऑनलाइन मागवलेला लॅपटॉप आठ महिने चालतोय, "कोपऱ्यात ॲक्टिव्हेट विंडोज असा येता तेवढाच, बाकी काय त्रास नाय." जनरेशनचं, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू (प्रोसेसर) कुठल्या पिढीचा याचं, पाल्हाळ बागायतदाराच्या काय कामाचं, असंही त्यांनी विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "आमच्या गावात एसटी दिवसातून दोनदा येता. आमी लॅपटॉप घेवचो खंय?"

लागलं ते हे शेवटचं. "घेऊच नका" असं लिहिताना मी देवगडच्या बाजारात बसून लिहिलं होतं, जिथे निदान दोन दुकानं आहेत. ज्याच्या गावात एकही नाही त्याला असं सांगणं म्हणजे मुलीला लॅपटॉप देऊच नका म्हणण्यासारखं झालं. ते वाक्य मी आज मूळ लेखातून काढलं. बाकीच्यावर मात्र मी ठाम आहे.

दुकानदारांबद्दल आधी सांगून टाकते. मी लॅपटॉप विकत नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्यासोबत मी शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, दाखल्यांचे फॉर्म भरून देते. फॉर्मची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते आणि घरचा लॅपटॉप उघडत नसतो, तेव्हा मुलं तो काखेत मारून माझ्याकडे येतात. माझी माहिती तिथली आहे. आणि दुकानातून घेतलेला जुना लॅपटॉप नवा म्हणून गळ्यात मारल्याचं प्रकरणही मी पाहिलंय. फरक इतकाच की त्या मुलाचा बाप दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत पैसे घेऊनच उठला. ऑनलाइनमध्ये ती पायरी कुठे आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

मूळ लेखात माझ्या भाचीची गोष्ट मी दोन ओळींत उरकली होती. ती नीट सांगायला हवी होती.

भाचीला सिव्हिल डिप्लोमाला प्रवेश मिळाला. आंब्याच्या पैशातून तिच्या बाबांनी एकवीस हजार बाजूला ठेवले होते. एका मोठ्या साइटवर लॅपटॉप दिसला: कोअर आय ७, सोळा जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मूळ किंमत सत्तर हजारांवर, आता एकवीसला. शीर्षकात 'नवा' असं स्पष्ट लिहिलेलं. शुक्रवारी खोकं घरी आलं. बहीण म्हणाली, गुरुवारी दत्ताला नारळ ठेवू, हळदकुंकू लावू, मग उघडू. आपल्याकडे घरोघरी हेच करतात, त्यात काही चूक नाही. पण मंगळवारी रात्री वाऱ्याने लाइनवर झाड पडलं आणि वीज आली ती थेट शनिवारी. परत करायची मुदत सात दिवसांची, आणि ती खोकं दारात पडल्यापासून मोजायची. शनिवारी लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा ती संपली होती.

रविवारी ती तो घेऊन माझ्याकडे आली, कारण पंधरा मिनिटांत बॅटरी उतरत होती. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचं पूर्ण नाव बघितलं: आय ७-४६००यू. काका, आता ते जनरेशनचं पाल्हाळ दोन मिनिटं ऐकाच. आय ७ नंतरच्या आकड्यातला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, म्हणजे २०१३ सालचा माल. त्यात कोअर, म्हणजे काम करणारे हात, दोनच. २०२२ सालचा आय ३-१२१५यू घ्या: नावाने आय ३, पहिले दोन आकडे १२ म्हणजे पिढी बारावी, कोअर सहा. म्हणजे नव्या आय ३ पुढे हा जुना आय ७ कुठेच टिकत नाही, तरी शीर्षकात 'आय ७' एवढंच लिहिलं की आपण मोठा आकडा बघून भुलतो. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. पेटीवर 'देवगड हापूस' आणि आत कर्नाटकचा आंबा, असं मुंबईच्या बाजारात होतं तेव्हा आपल्याला किती चीड येते! हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच फसवणुकीला आळा बसावा म्हणून. पेटीवरचं नाव आणि आतलं फळ एकच आहे का हे बघणं म्हणजेच जनरेशन बघणं.

आणि हे फक्त जुन्या मालातच होतं असं नाही. एएमडी कंपनीच्या 'रायझन ५ ७५२०यू' या प्रोसेसरच्या नावात ७ आणि ५ बघून वाटतं एकदम ताजा असेल. ७५२० मधला तिसरा आकडा २ आहे. तो सांगतो की आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ ची. कागदोपत्री कुणी खोटं बोललेलं नाही, पण घेणाऱ्याला हा आकडा वाचता आला नाही तर उपयोग काय?

पुढे काय झालं तेही सांगते. पाठीवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, तर वॉरंटी २०१७ मध्येच संपलेली. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत) powercfg /batteryreport असं दिलं की बॅटरीचा अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. आताची निम्म्याहूनही कमी होती. बिलावर नाव होतं ते साइटचं नव्हतं, दिल्लीच्या कुठल्यातरी एका फर्मचं, आणि तिचा फोन कुणी उचलत नव्हतं. आम्ही पुन्हा साइटवर जाऊन बघितलं तर शीर्षकातला 'नवा' हा शब्दच गेलेला. सुदैवाने भाचीने ऑर्डर करताना मैत्रिणीला दाखवायला म्हणून स्क्रीनशॉट काढला होता. त्या एका स्क्रीनशॉटवर सगळं तरलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, आणि सव्वा महिन्याने पैसे परत आले. तोवर कॉलेज सुरू झालं होतं. पोरगी रोज संध्याकाळी सहाच्या गाडीने उतरून माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करत बसायची, आणि आठच्या शेवटच्या एसटीने घरी जायची. पावसात. तेव्हापासून या विषयावर मला गप्प बसवत नाही.

आता ऑनलाइन घेण्याच्या तुमच्या मुद्द्यावर येते. अशा बऱ्याच साइट्स स्वतः माल विकत नाहीत, त्या फक्त बाजार भरवतात. आठवडा बाजारात जशी ग्रामपंचायत जागा देते आणि माल मांडणारा वेगळा असतो, तसंच. लॅपटॉपच्या पानावर किमतीच्या खाली बारीक अक्षरात विकणाऱ्याचं नाव असतं. एकाच पानावर चार विकणारे असू शकतात, आणि खालची पाच तारे दिलेली मतं कुणाकडून घेतलेल्या मालाबद्दल आहेत ते कळत नाही. त्यातून बहुतेक मतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिहिलेली असतात. पावसाळा काढल्यावर लिहिलेलं मत शोधून वाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटने विकणाऱ्याचं नाव, पत्ता, ग्राहकसेवेचा संपर्क दाखवायलाच हवा. त्या नावावर बोट ठेवून पत्ता बघा. पत्ता अर्धवट असेल, किंवा तोच माणूस लॅपटॉपसोबत कुकर आणि साड्याही विकत असेल, तर मी तिथून घेणार नाही.

आपल्याकडे याला जास्त महत्त्व का, तर माल बिघडला की पुण्या-मुंबईचा माणूस रिक्षा करून सर्व्हिस सेंटरला जातो. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांना शेवटी घाट चढून कोल्हापूर गाठावं लागलंय: एक दिवस द्यायला, एक दिवस आणायला, दोन्ही दिवसांची मजुरी बुडाली. म्हणून ऑर्डर करण्याआधी कंपनीच्या वेबसाइटवर आपला पिनकोड टाकून घरी येऊन दुरुस्ती मिळते का ते बघा. विकणाऱ्या साइटवर परतीसाठी पिकअप आपल्या पिनकोडला आहे का, तेही बघा. हजार-दीड हजार जास्त गेले तरी हे असलेला लॅपटॉप घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. खारी हवा आणि दमट पावसाळा यांनी आतले भाग गंजले तर ते वॉरंटीत सहसा बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

अठरा-वीस हजारांत काय घ्यावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच आहे. या किमतीत नवा म्हणून जो मिळतो त्यात बरेचदा सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोअरचा प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी ईएमएमसी, म्हणजे फाइल साठवायची साधी मेमरी, असते. विंडोज ११ ची किमान अटच चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा ही आहे. म्हणजे लॅपटॉप खोक्यातून निघतो तोच भरलेला. पहिल्या मोठ्या अपडेटला 'जागा नाही' म्हणून अडतो, आणि ती मेमरी बोर्डावर डाग दिलेली असल्याने बदलताही येत नाही. असे लॅपटॉप मी इतके बघितलेत की मी तो नवा घेण्यापेक्षा ऑफिसातून निघालेला जुना घ्या म्हणेन. मात्र जुना आहे असं सांगून विकलेला, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, आठ जीबी रॅमचा, जीएसटी बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी असलेला. आठवी पिढी का, तर विंडोज ११ ला इंटेलच्या (आय ३, आय ७ बनवणाऱ्या कंपनीच्या) प्रोसेसरमध्ये अधिकृतपणे तिथूनच मान्यता आहे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विकणारे चौथ्या पिढीवरही आडमार्गाने ११ टाकून देतात. आज चालतं, पुढच्या अपडेटची हमी नाही. जुना घेतलात तर सुरू करताना बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होतं त्याला) पासवर्ड नाही ना आणि आधीच्या कंपनीचं लॉगिन मागत नाही ना, एवढं मात्र पहिल्याच दिवशी बघा. तसा अडकलेला लॅपटॉप आपल्याकडे कुणाला सोडवता येत नाही.

गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याकडून मागवणं हा मला या सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. तो तिथे दुकानात उघडून बघतो, बिल मुलीच्या नावाने करतो, आणि काही निघालंच तर परत जाताना सोबत नेतो.

आणि ऑनलाइनच घ्यायचा असेल तर जरूर घ्या. पण पानाचा स्क्रीनशॉट विकणाऱ्याच्या नावासकट काढा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि ते आलं त्याच दिवशी उघडा. दत्ताला नारळ गुरुवारी ठेवला तरी चालेल. ते सात दिवस लॅपटॉप जपून ठेवायचा नाही, राबवून घ्यायचा: दोन-दोन तास व्हिडिओ कॉल, चार्जर काढून काम, सगळे पोर्ट, सगळ्या कळा.

आता तुमच्या मुलीचा लॅपटॉप. काका, "तेवढाच" म्हणून तुम्ही जे सोडून दिलंत, ते मला सोडवत नाही. कंपनीने विंडोज घालून विकलेल्या नव्या लॅपटॉपचा परवाना आतच असतो. नेट जोडलं की तो आपोआप लागू होतो आणि कोपऱ्यात असं काही येत नाही. तुमच्याकडे आठ महिने येतंय, म्हणजे एक तर तो विंडोजशिवाय विकायचा होता आणि कुणीतरी वरून टाकून दिलं, नाहीतर तो नवाच नाही. पाठीवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. वॉरंटी तुमच्या बिलाच्या तारखेला सुरू झालेली दिसली तर वर्षाच्या वॉरंटीतले तुमचे अजून चार महिने शिल्लक आहेत. ती आधीच सुरू झालेली किंवा संपलेली दिसली तर बिल आणि ऑर्डरचं पान दोन्हींचे फोटो काढून ठेवा. जाहिरातीत 'विंडोज ११ सह' किंवा 'नवा' लिहिलं असेल आणि माल तसा नसेल, तर तो परत घ्यायला विकणाऱ्याला नकार देता येत नाही, असं ते २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल द्यावा लागतो. तिथे काही झालं नाही तर ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दावा लावता येतो, म्हणजे आपल्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला; पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. आठ महिने म्हणजे उशीर झालेला नाही.

चार्जरवर बीआयएसची, म्हणजे सरकारी मानक संस्थेची, खूण आणि 'आर' ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की खरा आहे का ते कळतं. आपल्याकडे विजेचा दाब इतका वरखाली होतो की अशी खूण नसलेल्या चार्जरवर मुलीला रात्रभर लॅपटॉप लावून ठेवू देऊ नका.

नंबर टाकून काय दिसलं ते इथेच खाली लिहा. सिरीयल नंबर स्वतः मात्र इथे लिहू नका, फक्त तारीख सांगा. तक्रारीचा मेल कसा लिहायचा ते मी बसून सांगेन.