तीन कॉर्ड आणि सहा हजार चारशे डॉलर

पुण्यात दादाच्या सोसायटीच्या गणपतीत भाच्यानं दोन मित्रांना घेऊन गिटार बडवली. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी स्पीकरची वायर उपटली. रात्री घरच्या ग्रुपवर दादाचा मेसेज: 'तीन सुरांत धिंगाणा घालायला काय अक्कल लागते? आधी सा लावायला शिका.' त्याखाली काकांचा अंगठा, आत्याचे जोडलेले हात. भाच्याच्या अंगात रमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक रॉक बँडचा टी-शर्ट होता, त्यामुळे त्या बिचाऱ्यांचाही उद्धार झाला.

सूर नव्हे दादा, कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेले अनेक सूर. आणि रमोन्स म्हणजे माझ्या गल्लीतली मुलं. इथे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, फॉरेस्ट हिल्स हायस्कूलपाशी सिक्स्टी-सेव्हन्थ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर २०१६ पासून 'द रमोन्स वे' अशी पाटी आहे. मंगळवारी गाडी हलवायला जाते तेव्हा तिच्याखालूनच जाते. आपल्याकडे चौकाला नाव द्यायचं तर आधी कुणाचा तरी मोर्चा निघतो. इथे वाह्यात समजल्या गेलेल्या पोरांचं नाव त्यांच्याच शाळेच्या दारात लागतं. (आमच्या बिल्डिंगमध्ये दहा वाजता साधी आरती केली तरी खालून झाडूच्या दांड्यानं ठोकतात, पण ते राहू दे.)

रमोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम: चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं, खर्च सहा हजार चारशे डॉलर. एकोणतीस मिनिटांत आपल्याकडे विलंबित ख्याल नुकता रंगायला लागतो, मान्य. पण रियाज नव्हता म्हणू नका. गिटारवाल्या जॉनीचा उजवा हात ऐका. प्रत्येक आघात वरून खाली, त्याच वेगात, कार्यक्रमभर. दहा मिनिटं करून बघा, मनगट उतरेल. त्याच वर्षी ४ जुलैला ते लंडनला वाजवून आले आणि तिथल्या पोरांना धीर आला. पुढच्या वर्षी आणखी दोन अल्बम काढले. त्यातला 'रॉकेट टू रशिया' माझा लाडका. १९८० साली फिल स्पेक्टर या नावाजलेल्या निर्मात्याला आणून सगळं नटवून-थटवून पाहिलं. अमेरिकेत त्यांचा सगळ्यात वर चढलेला अल्बम तोच, आणि मला तोच सगळ्यात कमी त्यांचा वाटतो. १९९५ पर्यंत असे चौदा अल्बम झाले. पैसा मात्र रेकॉर्डपेक्षा टी-शर्टनं जास्त दिला. पहिल्या अल्बमला अमेरिकेत खपासाठीचं 'गोल्ड' मिळायला २०१४ उजाडलं. तोपर्यंत मूळ चौघांतला एकटा ड्रमर टॉमी उरला होता, आणि त्याच जुलैत तोही गेला.

टॉमी बुडापेस्टला जन्मलेला, आडनाव एर्देली. टी-शर्टवरचं ते गरुडाचं चिन्ह काढणारा आर्तुरो वेगा मेक्सिकोचा. बँडमधल्या कुणाचंही खरं आडनाव रमोन नव्हतं. सगळ्यांनी ते घेतलं आणि एका घरचे झाले. माझ्या नावाचीही ऑफिसात दोन अक्षरं उरली आहेत, पण त्यानं मी कुणाच्या घरची झाले नाही.

खरं सांगायचं तर नऊ वर्षं त्या शाळेजवळून रोज आर ट्रेन पकडली, तेव्हा मला रमोन्स कोण हे ठाऊक नव्हतं. पाटी लागली, गर्दी दिसली, मग घरी येऊन ऐकलं. चौदापैकी पाच अल्बम अजून धड ऐकलेले नाहीत. 'माझ्या गल्लीतली मुलं' हे मी पुण्याच्या ग्रुपवरच म्हणू शकते. इथल्या कुणापुढे म्हटलं तर तो हसेल.

आणि ऐकता ऐकता अडकले ते भलत्याच गोष्टीत. गायक जोईची मैत्रीण लिंडा जॉनीकडे गेली, पुढे त्याच्याशी लग्न केलं. त्यानंतर जोई आणि जॉनी एकमेकांशी जवळजवळ बोललेच नाहीत. पण एकाच गाडीतून फिरले, एकाच स्टेजवर उभे राहिले, १९९६ च्या ऑगस्टपर्यंत. एकूण कार्यक्रम २२६३.

आईच्या फ्लॅटचे कागद झाल्यापासून दादा आणि मी थेट बोललेलो नाही. भाऊबीजेला वहिनी फोन धरते, मी स्क्रीनला ओवाळते, तो मान हलवतो. एवढी तारखा-आकड्यांची यादी मी ग्रुपवर टाकली, ती भाच्यासाठी की त्याच्या बापासाठी, हे मला विचारू नका.

डिसेंबरात शेजारचे देशपांडे पुण्याला निघालेत. भाच्यासाठी एक टी-शर्ट त्यांच्याकडे दिलाय. भाचा हॉस्टेलवर असतो. 'न्यायला कोण येईल? नंबर द्या,' ते म्हणाले.

दादाचा दिला. पाठ होता अजून.