गुडघ्याला पीसीसी

कॅनडाला कायमचं जायचं ठरलंय ना? मग आधी पीसीसी, म्हणजे पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला, काढून टाका. इंग्रजीची परीक्षा व्हायची आहे, एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कॅनडात कायम राहू पाहणाऱ्यांच्या ऑनलाइन रांगेत, प्रोफाइलचाही पत्ता नाही, हरकत नाही. ५०० रुपये भरा, पुण्यात मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र गाठा आणि आपण सभ्य असल्याचा कागद घेऊन या. लॅमिनेट करा, देवापुढे ठेवा, पेढे वाटा. राहत्या देशाचा दाखला अर्ज भरायच्या आधीच्या ६ महिन्यांतलाच लागतो, ही किरकोळ बाब. कॅनडाकडून अर्ज करायचं आमंत्रण आठव्या महिन्यात आलं तर पुन्हा मुंढवा आहेच. तोवर पार्किंगवालाही ओळखू लागतो.

हे जमत नसेल तर आमंत्रण येईपर्यंत कशालाही हात लावू नका. नंतर अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. सल्ला मात्र २०१८ च्या आधी गेलेल्या मित्राचाच घ्या, त्याच्या वेळी ९० होते. पहिला आठवडा अभिनंदन स्वीकारण्यात जाऊ द्या, दुसरा ‘आईबाबांचं काय’ यावर. मग पासपोर्ट उघडा. त्यावर पत्ता अजून जुन्या वाड्याचा आहे आणि वाड्याच्या जागी आता टॉवर उभा आहे, हे तेव्हाच लक्षात यायला हवं. पोलीस पडताळणीत रंगत येते.

ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशात, राहून आला असाल तर दुधात साखर. १८ वर्षं पूर्ण झाल्यानंतर, गेल्या १० वर्षांत जिथे सलग ६ महिने राहिलात, तिथला दाखला लागतो. या परदेशी दाखल्याचा एक दुर्गुण आहे: तिथला मुक्काम संपल्यावर काढला आणि पुन्हा तिथे राहायला गेला नाहीत, तर तो शिळा होत नाही. म्हणजे घाई करावी असा हा एकच कागद. म्हणून तो शेवटी ठेवायचा. किंवा मुक्काम संपण्याआधीच काढून आणायचा, म्हणजे तोही बाद. अमेरिकेत होतात? मग एफबीआयला १८ डॉलर आणि दहा बोटांचे ठसे पाठवा, पन्नासाव्या दिवशी. ठसे पुसट आले तर पुन्हा पाठवा. घरी मात्र ‘एफबीआयचं पत्र आलंय’ एवढंच सांगून अंघोळीला जा.

राहिली मेडिकल. ती फॅमिली डॉक्टरांकडेच करा. त्यांनी तुमच्या गोवरापासून सगळं पाहिलंय. कॅनडा सरकारने नेमलेल्या यादीतल्या अनोळखी डॉक्टरांना तुमच्याबद्दल काय ठाऊक? यादीतल्यांकडे जावंच लागलं, तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जा. लघवीच्या तपासणीत करंज्यांचं श्रेय करंज्यांना मिळतं.

एक्सप्रेस एंट्रीत २१ ऑगस्ट २०२५ पासून ही तपासणी अर्जाआधीच करावी लागते. तेव्हा प्रोफाइल टाकल्याच्या संध्याकाळीच उरकून घ्या. ती १२ महिने चालते, आणि पीआर, म्हणजे कायम वास्तव्याच्या, व्हिसाची मुदत सहसा मेडिकल किंवा पासपोर्ट, जे आधी संपेल त्यावर बेततात. आमंत्रणाची वाट पाहण्यात चार महिने, अर्जाच्या छाननीत सात. व्हिसा येईल तेव्हा हातात चार आठवडे असतील: नोकरीची नोटीस दोन महिन्यांची, फ्लॅटला भाडेकरू नाही आणि तिकिटं नाताळच्या भावात. सामान भरताना आईने मागच्या वर्षी, मेडिकलच्याच आठवड्यात घातलेलं लिंबाचं लोणचं हाताशी येईल. ते आत्ता कुठे मुरायला लागलेलं असतं.