चार व्हीसीपीयू दिले म्हणजे चारही जागे झाले असं नाही

"व्हर्च्युअल मशीनला चार व्हीसीपीयू दिले की मशीन चालू करताच चारही एकदम सुरू होतात. ते काम हायपरव्हायझरचं, गेस्टला काही करावं लागत नाही. गेस्टमध्ये एकच दिसला तर हायपरव्हायझर गंडलाय. आणि मशीन रखडत असेल तर व्हीसीपीयू वाढवा." पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर हा मेसेज सारखा फिरतोय. (व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर, व्हीसीपीयू म्हणजे त्याचे आभासी प्रोसेसर, हायपरव्हायझर म्हणजे ते मशीन चालवणारा प्रोग्रॅम, गेस्ट म्हणजे आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, होस्ट म्हणजे बाहेरचा खरा कॉम्प्युटर.) मुलं तो खरा धरून भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतात, ते बघवत नाही म्हणून हे लिहितेय.

"चारही एकदम सुरू होतात." नाही होत. केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायझरमध्ये चार व्हीसीपीयूंसाठी होस्टवर चार थ्रेड, म्हणजे स्वतंत्र चालणारी चार कामं, तयार होतात हे खरं, पण रिसेटनंतर कोड चालवायला लागतो तो एकच, बूटस्ट्रॅप प्रोसेसर. बाकीचे तीन सिपी नावाच्या इशाऱ्याची वाट बघत थांबतात. खऱ्या एक्स८६ (इंटेल, एएमडी) हार्डवेअरचा नियमच असा आहे, हायपरव्हायझर तो इमानेइतबारे पाळतो. मध्ये फर्मवेअर, म्हणजे मशीनचा सुरुवातीचा बूट प्रोग्रॅम, त्यांना उठवून मोजतं, पण मोजून झालं की परत झोपवतं.

"गेस्टला काही करावं लागत नाही." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. प्रोसेसर किती आहेत हे गेस्ट फर्मवेअरने दिलेल्या एसीपीआयच्या एमएडीटी तक्त्यात वाचतो. मग लोकल एपिकमार्फत (प्रोसेसरमधला इशारे पाठवणारा भाग) एकेकाला आधी इनिट हा रिसेटचा इशारा आणि नंतर सिपी पाठवतो. सिपीबरोबर फक्त एक बाइट जातो, आणि तो असतो मेमरीतल्या पानाचा क्रमांक. पान ४ केबीचं, म्हणजे २५६ पानांत जेमतेम १ एमबी. म्हणून सुरुवातीचा कोड पहिल्या १ एमबीतच ठेवावा लागतो. तिथे जागा झालेला प्रोसेसर १६ बिटी रिअल मोडमध्ये असतो, १९७८ च्या ८०८६ सारखा. तिथून त्याला प्रोटेक्टेड मोडमध्ये, मग लाँग मोडमध्ये न्यायचं, स्वतःचा स्टॅक द्यायचा, हे सगळं गेस्टने लिहिलेल्या या सुरुवातीच्या कोडचं, म्हणजे ट्रॅम्पोलिनचं काम.

माझ्याकडे कोथरूडला रविवारी मुलं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, शिकायला येतात. त्यातल्या एकाचा स्वतः लिहिलेला छोटा कर्नल कायम एकच सीपीयू दाखवायचा. "मॅडम, हायपरव्हायझरच गंडलाय," म्हणत त्याने दोनदा केमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकलं होतं. आम्ही केमूच्या मॉनिटरवर सगळ्या सीपीयूंचे रजिस्टर काढले. दुसऱ्याचा सीएस बेस, म्हणजे त्याचा कोड जिथून मोजला जातो तो पत्ता, हेक्समध्ये ८०००० निघाला, आणि ट्रॅम्पोलिन ठेवलं होतं ८००० वर. सिपीत ०८ पाठवायचे, त्याने ८० पाठवले होते. हायपरव्हायझरने सांगितल्या जागी प्रोसेसर बिनचूक उठवला होता, फक्त त्या जागी कोडच नव्हता. आकडा बदलल्यावर दुसऱ्या सीपीयूची ओळ स्क्रीनवर आली, तेव्हा त्याच्याइतकाच आनंद मला झाला.

हे नुसतं सिपीपुरतं नाही. झेन या हायपरव्हायझरच्या पॅरा-व्हर्च्युअल (आपण आभासी मशीनमध्ये आहोत हे ठाऊक असलेल्या) गेस्टला प्रत्येक जादा व्हीसीपीयू हायपरकॉल करून, म्हणजे हायपरव्हायझरला थेट सांगून, आधी तयार आणि मग चालू करून घ्यावा लागतो. आर्म प्रोसेसरवर सहसा पीएससीआय या ठरावीक पद्धतीतला 'सीपीयू ऑन' कॉल असतो. वाट वेगळी, पण हाक गेस्टनेच मारायची. आणि पुण्याला तर हे नवीन नाहीच. १९९१ साली सी-डॅक या सरकारी संस्थेने इथे परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला तो ट्रान्सप्युटर चिपांवर. शेजाऱ्याकडून लिंकवरून कोड येईपर्यंत थांबून राहायची सोय त्या चिपमध्येच होती.

"एकच दिसला तर हायपरव्हायझर गंडलाय." त्याच्यावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. लिनक्समध्ये आधी बूट पॅरामीटरमध्ये 'मॅक्ससीपीयूज' (किती सीपीयू उठवायचे याची मर्यादा) राहून गेलंय का बघा, मग डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, कोणता सीपीयू उठला नाही ते वाचा. विंडोजमध्ये सॉकेट, म्हणजे प्रोसेसर चिप बसवायच्या जागा, मोजा. होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, प्रो दोन. चार व्हीसीपीयू चार सॉकेट म्हणून दिलेत तर होमला एकच मिळणार. एक सॉकेट, चार कोर असं करा. आणि ते एकामागून एक उठताना दिसले म्हणून घाबरू नका. लिनक्समध्येही एक्स८६ वर हे काम समांतर करायची सोय ६.५ आवृत्तीत, २०२३ साली आली.

"रखडत असेल तर व्हीसीपीयू वाढवा." चार कोरच्या लॅपटॉपवर दोन मशीनना चार-चार दिले की आठ थ्रेड चार कोरांसाठी भांडतात. त्यात लॉक (एका वेळी एकानेच वापरायच्या गोष्टीचं कुलूप) धरलेला व्हीसीपीयूच होस्टने बाजूला काढला तर त्या लॉकवर थांबलेले बाकीचे हातातला वेळ फुकट घालवतात. लिनक्स गेस्टमध्ये टॉप ही कमांड लावा आणि 'एसटी'चा, म्हणजे होस्टने दुसरीकडे वळवलेल्या वेळेचा, आकडा बघा. तो चढलेला असेल तर व्हीसीपीयू कमी करून परत मोजा.