‘व्हीओसीएम लावला की इनपुटची चिंता मिटली’ म्हणे!

‘पूर्ण डिफरेन्शियल अँप्लिफायर (दोन इनपुटांमधला फरक वाढवून दोन उलट-सुलट आउटपुट देणारी चिप) घ्या, व्हीओसीएम पिनेला अडीच व्होल्ट द्या, मग इनपुटला काहीही जोडा, कॉमन मोड (दोन्ही पिनांवरचं सरासरी व्होल्टेज) चिप बघून घेते.’ ही पोस्ट फिरत फिरत आता शिकाऊ मुलांच्या स्कीमॅटिकमध्ये उतरली आहे, म्हणून हा खटाटोप.

व्हीओसीएम आउटपुटचा मध्यबिंदू ठरवतो. एवढंच. इनपुट पिनांवर किती व्होल्ट पडतील हे रेझिस्टर आणि सिग्नल ठरवतात, आणि तिथली मर्यादा चिपची स्वतःची असते. एडी८१३८ या अशाच एका चिपची डेटाशीट उघडा: ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायवर इनपुट कॉमन मोड ०.३ ते ३.२ व्होल्ट. शून्य ते पाच नव्हे.

आता हिशोब. सिग्नल एका बाजूला, दुसरा इनपुट ग्राउंडला, व्हीओसीएम २.५ व्होल्ट, आणि प्रत्येक आउटपुट १.५ ते ३.५ व्होल्ट हलतं असं धरा. ग्राउंडच्या बाजूची पिन म्हणजे त्या बाजूच्या आउटपुटचा साधा व्होल्टेज डिव्हायडर. फीडबॅकमुळे दुसरी पिन तिच्या मागोमाग जाते. गेन १, म्हणजे इनपुटचा आणि फीडबॅकचा (आउटपुटकडून पिनेकडे परत येणारा) असे दोन्ही रेझिस्टर १ किलोओहम: पिना ०.७५ ते १.७५ व्होल्ट. उत्तम. आता गेन १० साठी दोन्ही बाजूंचा इनपुट रेझिस्टर १०० ओहम करा. डिव्हायडर आता अकराने भागतो आणि पिना ०.१४ ते ०.३२ व्होल्टवर येतात. जवळजवळ सगळा वेळ मर्यादेखाली! आउटपुट तेच, व्हीओसीएम तोच, बदलले फक्त दोन रेझिस्टर. ‘आमच्याकडे तर चालतं’ म्हणणाऱ्यांनी बहुधा गेन १ लाच तपासलेलं असतं.

ग्राउंडखाली जाणारा सिग्नल एकेरी सप्लायवर चालतो, हे पोस्टमधलं वाक्य मात्र मान्य करावं लागतं. वरच्या गेन १ च्या उदाहरणात इनपुट −२ व्होल्टपर्यंत जातो आणि पिना तरीही ०.७५ वर राहतात. पण हे फीडबॅकने पिना वर ओढल्यामुळे होतं, आणि गेन वाढला की ती ओढ कमी होते.

मर्यादा ओलांडली की चिप लगेच मरत नाही, म्हणून फसगत होते. इनपुट ट्रान्झिस्टरांना किंवा त्यांच्या करंट सोर्सला पुरेसं व्होल्टेज उरत नाही, लूप गेन (फीडबॅकची चूक सुधारण्याची ताकद) घसरतो आणि आधी डिस्टॉर्शन वाढतं. इथे सिग्नलचा ऋण अर्धा आधी बिघडतो, कारण पिना तेव्हाच सर्वांत खाली असतात. नुसता आउटपुटचा मध्यबिंदू मोजून समाधान मानू नका. इनपुट पिन बघा. ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट टेकवला तर त्याच्या कपॅसिटन्सने अँप्लिफायर ऑसिलेट होऊ शकतो. मध्ये काहीशे ओहमचा रेझिस्टर घाला.

सर्वांत घातक वाक्य पुढचं: ‘डिफरेन्शियल आहे, २४ व्होल्ट लाइनवरचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) थेट जोडा, कॉमन मोड वजा होतो.’ वजा व्हायला आधी पिना हद्दीत हव्यात ना! १ किलोओहमच्या जोडीने हिशोबात पिना १३.२५ व्होल्टवर येतात. प्रत्यक्षात चिपच्या आतले संरक्षक डायोड सुरू होतात आणि प्रत्येक इनपुट रेझिस्टरमधून सुमारे १८ मिलिअँपिअर आत घुसतात. बऱ्याच चिपांना १० च्या वर चालत नाहीत. लोड हलका असेल तर ५ व्होल्टची लाइनही वर ढकलली जाते. शंटसाठी त्याच कामाचा करंट सेन्स अँप्लिफायर घ्या.

‘रेल टू रेल’ (सप्लायच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) हा शब्द बहुतेकदा आउटपुटबद्दल असतो. सिम्युलेशनचं म्हणाल, तर अनेक मॉडेलांत इनपुटची मर्यादा घातलेलीच नसते.

गेन १० हवाच असेल, तर दोन्ही इनपुट पिनांवरून ५ व्होल्टला १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर जोडा. पिना ०.५४ ते ०.७१ व्होल्टवर येतात. नॉइज गेन (चिपचा स्वतःचा नॉइज जितक्या पटीने वाढतो तो) ११ चा १२ होतो आणि शांत अवस्थेत सिग्नल देणाऱ्या सोर्सला सव्वासहा मिलिअँपिअर गिळावे लागतात. दोन्ही रेझिस्टर जुळते, ०.१ टक्क्याचे घ्या. नाहीतर त्यांच्यातला फरक ऑफसेट म्हणून आउटपुटवर येतो. डीसी नको असेल तर दोन्ही बाजूंना सारखे कपॅसिटर मालिकेत घाला, पिना आपसूक अडीच व्होल्टच्या आसपास बसतात. ग्राउंडकडच्या बाजूचा कपॅसिटर मात्र गाळू नका. नाहीतर टीएचएस४५२१ सारखी, निगेटिव्ह रेलपर्यंत इनपुट चालणारी चिप घ्या, आणि तिची वरची मर्यादाही तपासा.